गोमाशीच्या दोन डोळ्यांमधली फट

विहीणबाई, तुमच्या अंगणातला चपलांचा ढीग बघून मला आधी हसू आलं. वाटलं, बाईंनी माशी बघायला अख्खा गाव गोळा केलेला दिसतोय. तुमचा काय भरवसा? मी रिक्षातून उतरले, पर्समधलं भिंग हातात काढून घेतलं आणि फाटकातूनच ओरडले, "कुठे आहे तुमचा नर? आणा बाहेर!"

कुणी हसलं नाही. तुमची शेजारीण यमुनाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मग बायका बाजूला झाल्या आणि मला तुम्ही दिसलात. ओट्यावर चटई टाकून तुम्हाला निजवलं होतं. अंगावर रोजचीच साडी, चष्मा एका कानाला लटकलेला. तो काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

माझा जन्म दवाखान्यात गेला, तुम्हाला माहीत आहे. सिस्टर म्हणून किती माणसांचे डोळे मी मिटले असतील. पण त्या दिवशी मी तुमचं मनगट धरलं, नाडी लागेना, म्हणून दुसरं मनगट धरलं, आणि मग पुन्हा पहिल्यावर आले. जणू पहिल्या वेळी माझंच काही चुकलं असेल. यमुनाबाई म्हणाली, "ताई, बस करा आता." तेव्हा कुठे मी हात सोडला.

आजही हे माझ्या डोक्यात शिरत नाही. मी घरातून निघाले तेव्हा तुम्ही फोनवर खिदळत होता. भिसेगावातून निघून चौक गावाच्या अलीकडे तुमच्या गावात पोचायला काय वेळ लागतो? वाटेत रिक्षावाल्यानं एका टपरीवर तंबाखू घेतली तेवढीच खोटी. तेवढ्यात धडधाकट बाई जाते कशी?

आणि ती बरणी. तुमच्या उशाशी, ओट्यावर, काचेची बरणी उपडी ठेवली होती आणि आतली माशी काचेवर धडका देत होती. टक, टक. एवढ्या रडारडीत मला तेवढाच आवाज ऐकू येत होता.

वर्तमानपत्र घेऊन मी जेमतेम बसले होते, तेव्हा तुमचा फोन आला. 'हॅलो' म्हणायची तुम्हाला सवयच नव्हती.

"इहीनबाय, घावली गं! जित्ती घावली!"

"काय घावलं?"

"माशी! बरणी उपडी घातली नि खालनं पुठ्ठा सारला. तेरड्याच्या फुलावर बसली व्हती निवांत. नरच हाय हा, माझं मन सांगतंय."

"तुमचं मन राहू दे. दोन डोळ्यांमध्ये फट आहे का ते बघा."

"या चष्म्यातनं काय दिसंना मला. तुमी भिंग घेऊन या. तवर मी पुठ्ठा काढून माझा हात लावते बरणीला. चावला की तुमी हारलाव!"

आणि मी काय म्हणाले? आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आता तुमच्याजवळच सांगते. मी म्हणाले, "लावा, हिंमत असेल तर लावा हात!" हसत म्हणाले. तुम्हीही हसलात. आपलं शेवटचं बोलणं ते एवढंच.

तुम्ही बोलल्याप्रमाणे करणाऱ्या. यमुनाबाई पाणी मागायला आली तेव्हा तुम्ही ओट्यावर खांबाला टेकून बसला होता, मान कलली होती, आणि बरणीचं तोंड डाव्या हाताच्या आतल्या बाजूला टेकलेलं. झोप लागली असं तिला वाटलं. तिनं हाक मारली, मग खांदा हलवला. बरणी तिनं तशीच उपडी ओट्यावर सरकवली आणि आरडाओरडा केला. डॉक्टरांनी येऊन हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. पण बरणी सगळ्या गावानं पाहिली होती. तुम्हाला उचलायच्या आधीच अंगणात कुजबुज सुरू झाली, माशी चावली आणि बाई गेली. आणि तिच्या मागोमाग दुसरी, की विहिणीशी पैज लावली होती म्हणे.

विहीणबाई, आपली खरी ओळख लग्नात झालीच नव्हती. लग्नात तुम्ही वरमाय होता, मी मुलीची आई. तुम्हाला पाटावर बसवून परातीत तुमचे पाय धुतले, पुसले, आणि तुम्ही मोठ्या मानानं ते धुऊन घेतलेत. तळव्यांना भेगा होत्या तुमच्या. मी मनात म्हटलं, बाई शेणात राबणारी आहे, माझ्या वैशालीला राबवणार. ओळख झाली ती त्यानंतरच्या गौरीत, धपाट्यानं.

वैशालीचा पहिला ओवसा होता, नव्या सुनेनं गौरीपुढे सुपं वाहायचा. सुपं, पानं, फळं सगळं घेऊन मी तुमच्याकडे आले होते, चांगली गडद निळी रेशमी साडी नेसून. तुमच्या पाव्हण्या बायका अंगणात बसलेल्या. मी आपली कौतुकानं तुमच्या म्हशीकडे बघत उभी, तोच मागून येऊन तुम्ही माझ्या पाठीत असा सणसणीत धपाटा घातलात की हातातलं सूप पडता पडता राहिलं. मुलीच्या आईला, पहिल्याच ओवशाला, चारचौघीत! वैशालीचा चेहरा उतरला. जावई गोठ्याच्या दारात वरातीच्या घोडीला पाणी दाखवत होते, ते बादली घेऊन तसेच थिजले. तुम्ही मात्र शांतपणे तळवा उघडून माझ्यापुढे धरलात.

"गोमाशी," म्हणालात. "काळी साडी नेसलाव ना, तुमाला म्हस समजली ती."

बायका फिदीफिदी हसल्या. माझ्या मानेवरून रक्ताचा ओघळ ब्लाउजमध्ये उतरत होता आणि अपमानानं कानशिलं तापली होती. मी माझं ज्ञान पाजळलं. म्हटलं, मधमाशी आहे ही, काटा आत राहिला असेल, चिमटा आणा. तुम्ही म्हणालात, "काटा नाय हिला. ही टोचत नाय, कापते." मग ती चेंगरलेली माशी तुम्ही बोटावर पालथी केलीत आणि मी पर्समधून वाचायचं भिंग काढलं. खरंच की. तोंडाशी काटा नव्हता, सोंड नव्हती, होती ती आखूड पाती, बारीक कात्रीसारखी. डासासारखी सुई खुपसून ही रक्त ओढत नाही. कातडी कापते आणि वर आलेलं रक्त चाटते. म्हणून तर ओघळ येतो.

त्या दिवशी आपण दोघी, ओवसा बाजूला ठेवून, गोठ्याच्या उंबऱ्यावर डोकी जोडून बसलो. वैशाली दोनदा बोलवायला आली. तिला अजून वाटतं की आपण तिच्याबद्दल बोलत होतो.

मग तो नादच लागला. पावसाळ्यात तुमच्याकडे आले की आधी चहा, मग माश्या. माणसं विचारत, विहिणी विहिणी काय एवढं बोलता? काय सांगणार? तुम्ही त्यांना नावं ठेवली होती. अंगठ्याच्या नखाएवढी, जाड अंगाची, घरघर करत येणारी आणि म्हशीच्या पोटाखाली बसणारी ती पाटलीण. राखी रंगाची, पंखांवर शिंतोडे उडाल्यासारखी नक्षी असलेली मुकी, कारण तिचा आवाजच येत नाही, चावल्यावरच कळतं. एक लहानशी पिवळट होती, पंखांवर काळा पट्टा असलेली, माणसाच्या डोक्याभोवतीच घिरट्या घालणारी. तिला मी गांधीलमाशीचं पिल्लू म्हणाले. तुम्ही इतक्या हसलात की तुम्हाला ठसका लागला. "पंख मोजा की! गांधीलीला चार, हिला दोन." मी मोजले. दोनच होते. पण पुढच्याच श्वासात तुम्ही मला सांगितलंत की ही माशी घोड्याच्या कानात अंडी घालते. मी आमच्याकडच्या गुरांच्या डॉक्टरांना मुद्दाम विचारून आले. ते म्हणाले, कानात कशाला, पाण्याकाठच्या गवतावर नाहीतर ओल्या चिखलापाशी घालते.

"डाक्टर काय माशीच्या बारशाला गेल्ता?" तुम्ही विचारलंत.

असं आपलं चालायचं. हार मानायची सवय दोघींनाही नव्हती. सांगितलेलं काही बरोबर निघालं की तुम्ही घरभर सांगत फिरायचात, चुकीचं निघालं की म्हशीला हाक मारायचात. पांढऱ्या घोडीवर माश्या कमी आणि काळ्या म्हशीवर जास्त, हे तुमचं बरोबर होतं. त्या उन्हातच येतात, गोठ्याच्या अंधारात शिरत नाहीत, हेही. संदीपरावांनी, तुमच्या लेकानं, वरातीसाठी काळा घोडा घ्यायचं मनात आणलं तेव्हा तुम्ही त्यांना त्यावरूनच अडवलंत. घोडा पांढराच हवा, नाहीतर नवरदेव वर आणि माश्या खाली, म्हणालात.

आणि डोळे. डोळ्यांवरून तर आपण अबोला धरला होता. तुम्ही म्हणायचात, पाटलिणीचे डोळे हिरवेगार असतात, त्यात जांभळट पट्टे, पैठणीच्या काठाला असतात तसे. माझ्या भिंगाखाली जी माशी आली तिचे डोळे तपकिरी, मळकट. मी म्हटलं, विहीणबाई, तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. तुम्ही चिडलात. "मेल्यावर काय बगता? जित्तेपणी बगायचं असतंय. जीव गेला की रंग जातो." पण जिवंत बघणार कशी? तुमचा हात इतका चलाख की माशी बसायचा अवकाश, तिचा लगदा. मी भिंग काढेपर्यंत सगळं आटोपलेलं असायचं. मला वाटायचं, मुद्दाम करताय, म्हणजे तुमचं खोटं उघडं पडायला नको.

पैज लागली ती गेल्या पावसाळ्यात. चावते ती मादी, असं मी म्हणाले. डासाचं तसंच, हिचंही तसंच. नर बिचारा फुलांवर जगतो. तुम्ही कपबशी खाली ठेवलीत.

"नर बिचारा?" म्हणालात. "बिचारा नर कदी बगितलाव तुमी? बाईमाणूस घरचं बगंल, का लोकांना चावत फिरंल?"

"घरचं बघायचं म्हणूनच चावते. पोटात अंडी धरायची तर रक्त लागतं."

आत वैशाली स्वयंपाक करत होती, तिचं पोट नुकतं दिसायला लागलं होतं. तुम्ही तिकडे बघून हळूच म्हणालात, "म्हंजी आपल्या दोगींवानी." आणि मग तुमच्या लक्षात आलं की आपण हार मानल्यासारखं काहीतरी बोलून गेलो. लगेच सावरलात. "पन नाय. चावतो तो नरच. लावा पैज."

पैज तुम्हीच ठरवलीत. जिंकलात तर मी सगळ्या भावकीसमोर म्हणायचं, की सिस्टर असून मला काही कळत नाही. आणि मी जिंकले तर?

"तर मी तुमचं पाय धुईन," म्हणालात. "परातीत. लग्नात तुमी माझं धुतलं तसं."

मी म्हटलं, शोभतं का? वरमायेनं मुलीच्या आईचे पाय धुवायचे? तुम्ही म्हणालात, "म्हनून तर पैज. शोभंल ते कुनी पन करतंय."

नर-मादी ओळखायची खूण डॉक्टरांनी मला सांगितली होती, मी तुम्हाला सांगितली. नराचे डोळे एवढे मोठे की डोक्यावर मधोमध एकमेकांना चिकटतात. मादीच्या डोळ्यांमध्ये बारीकशी फट असते. तेवढाच फरक, पण तो नीट दिसायला माशी अखंड हवी, आणि तुमच्या हाताखालून अखंड काही सुटत नव्हतं. तुम्ही मला शब्द दिलात की एक तरी जिवंत धरीन. वर्ष गेलं. नातू झाला, त्याचं बारसं झालं. पुन्हा पाऊस आला, तेरडा फुलला, आणि तुम्ही तो शब्द पाळलात.

तुम्हाला आंघोळ घातली ती आम्ही बायकांनी, परसदारी, साड्यांचा आडोसा धरून. पाणी ओतायला मी पुढे झाले. मला हात बघायचा होता. डावा हात, आतली बाजू. जिथे बरणी टेकली होती तिथे काचेच्या कडेचा गोल वळ उमटला होता, बांगडीएवढा. त्या गोलात मी शोधत राहिले, विहीणबाई. ताजी गांध दिसते का, लाली दिसते का. पण तुमचा हात म्हणजे काय होता! जन्मभर गोठ्यात घातलेला हात. जुने डाग, नवे डाग, खपल्या, ओरखडे. त्यातला आजचा कुठला, कालचा कुठला, मला कळेना. कधी कधी एका चाव्यानं अख्खं शरीर उलटतं. क्वचित होतं, फार क्वचित, पण होतं, हे त्या आडोशाच्या आत फक्त मला माहीत होतं. मागून कुणीतरी म्हणालं, ताई, उरका, माणसं खोळंबलीत.

मग मी तुमचे पाय धुतले. दुसऱ्यांदा. त्याच भेगा. त्यांत माती होती, ती मी नखानं काढत बसले. बायकांना वाटलं असेल, सिस्टर आहे, स्वच्छतेची सवय.

तुमच्या पापण्या मीच मिटल्या होत्या, आधी, ओट्यावर. तेव्हा माझी नजर सहज बरणीकडे गेली. ऊन नेमकं काचेवर पडलं होतं. माशी क्षणभर थांबली आणि मला तिचे डोळे दिसले. हिरवे. गर्द हिरवे, आणि त्यात जांभळी चमक. तुम्ही सांगत होता तसेच. भिंग माझ्या दुसऱ्या हातातच होतं. वाकून बघितलं असतं तर फट आहे की नाही तेही तेव्हाच कळलं असतं. नाही बघवलं. कुणाला तरी सांगावंसं वाटलं की अहो, खरंच हिरवे आहेत हो. आणि सांगायचं ते तुम्हालाच होतं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. मी तिथेच राहिले, वैशालीचं बाळ लहान, तिला सोडून कशी जाणार? पण राहणंही सोपं नव्हतं. भेटायला येणारी बाई आधी संदीपरावांजवळ बसायची आणि मग माझ्याकडे बघायची. एकीनं तर विचारलंच, "खरंच पैज व्हती का वो?" वैशाली माझ्या हातातून बाळ घेताना माझ्याकडे बघत नसे. आणि जावई! एरवी 'मामी, चहा घेतला का, मामी, गोळी घेतली का' करणारा माणूस, तो माझ्याशी एक शब्द बोलेना. ताट समोर ठेवायचे आणि निघून जायचे. घोडीजवळ जाऊन बसायचे. मी त्यांना काय सांगणार होते? मीच म्हणाले होते, लावा हात.

तुमच्यावर रागही आला मला, खोटं कशाला बोलू. म्हशीपुढे आंबोण ठेवायच्या वेळेला, चहाच्या वेळेला, एकदम भडका उडायचा. साठीची बाई, आणि बरणीत हात घालून बसते? तुम्हाला काय कमी होतं? लेक, सून, मांडीवर नातू. एका माशीपायी? आणि लगेच लाज वाटायची, कारण तुमच्याएवढी मजा मला आयुष्यात दुसऱ्या कुणाबरोबर आली नाही. नवरा भला होता माझा, पण त्याच्याशी मी कधी असं भांडले नाही. नोकरीत मैत्रिणी होत्या, त्या बदलीबरोबर गेल्या. उतारवयात मुलीच्या सासूच्या रूपानं मला कुणी मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही 'काय हा चावटपणा' म्हणून उडवून लावलं असतंत, तरी सांगायला हवं होतं.

एका दुपारी पडल्या पडल्या माझ्या डोक्यात आलं, की आपली पैज मुळातच कशी होती. बरणीतली माशी चावली, तर ती मादी, आणि मी जिंकले. चावली नाही, तर तो नर, आणि तरीही मीच जिंकले. दोन्हीकडून माझीच जीत. पण एका जितीत तुम्ही आपल्या वेळेनं गेलात, आणि दुसरीत मी तुम्हाला घालवलं. मी उठून बसले. बरणी कुठे आहे ते मला ठाऊक नव्हतं. विचारायची छाती होत नव्हती.

तेराव्याचं जेवण झालं, पाव्हणे गेले. पत्रावळी उचलून झाल्या होत्या. मी पिशवी भरत होते, भिसेगावला परत जायला. तेव्हा संदीपराव आले आणि त्यांनी बरणी माझ्यासमोर ठेवली. कुणी टाकून देईल म्हणून त्यांनी ती गोठ्याच्या फळीवर, घोडीच्या लगामामागे लपवून ठेवली होती. माशी तळाशी पाय वर करून पडली होती.

"मामी," ते म्हणाले. इतक्या दिवसांनी पहिला शब्द. "लोकं काय बी बोलत्यात. मला तुमी सांगा. हिनं नेली का माझ्या आईला?"

दारात वैशाली उभी होती, बाळाला खांद्यावर टाकून.

मी कागदावर माशी ओतली. अगदी वाळली होती, फुंकर लागली तरी उडाली असती. भिंग धरलं. कोपर जमिनीला टेकवलं. डोळे तपकिरी झाले होते, मळकट, हिरवं काही उरलं नव्हतं. तेही तुमचं खरं निघालं, जीव गेला की रंग जातो. पण रंग जातो, आकार राहतो. मी कागद वळवला आणि माशीचं डोकं उजेडाला आणलं.

फट नव्हती.

मी पुन्हा बघितलं. मनगटं पुन्हा पुन्हा धरली होती तसंच, पुन्हा पुन्हा बघितलं. दोन्ही डोळे मधोमध एकमेकांना टेकलेले, मध्ये केस जाईल एवढीही जागा नाही. मग तोंड बघितलं. पाती नव्हती. आणि तेव्हा मला तुमचं फोनवरचं बोलणं आठवलं, तेरड्याच्या फुलावर बसली होती. म्हशीवर नाही, घोडीवर नाही, फुलावर. तुमचं मन बरोबर सांगत होतं हो. नरच होता तो.

"नर आहे," मी म्हणाले. "याला चावताच येत नाही. कुणालाच चावत नाही हा. फुलांवर जगतो."

मी भिंग त्यांच्या हातात दिलं आणि कुठे बघायचं ते सांगितलं. ते खूप वेळ बघत राहिले. मग वैशालीनं बघितलं. बाळानं भिंगाला हात घातला, तो तिनं सोडवला. आणि मग संदीपरावांच्या तोंडावर, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तुमच्यासारखं काहीतरी दिसलं. ओठांचा एक कोपरा वर गेला.

"म्हंजी आई हारली," ते म्हणाले.

आणि रडले. लहान मुलासारखे रडले, विहीणबाई. तुमच्या चितेपाशी रडले नव्हते ते.

मग ते उठून आत गेले. आतून भांड्यांचा आवाज आला. मला वाटलं चहा ठेवतायत. ते बाहेर आले ते परात आणि तांब्या घेऊन. लग्नातलीच परात, काठावर तुमचं नाव कोरलेली. ती त्यांनी माझ्या पायाशी ठेवली आणि उकिडवे बसले.

"अहो, काय हे!" मी पाय पोटाशी ओढले. "जावई तुम्ही! तुमचे पाय आम्ही धुवायचे. वैशाली, सांग गं यांना!"

बाळ सावरून वैशाली माझ्या शेजारी येऊन बसली, अगदी टेकून.

"आईची पैज हाय, मामी," ते म्हणाले. "तिनं फेडली असती का नसती? ऱ्हाऊ द्या पाय."

तुम्ही असतात तर पाणी मुद्दाम गार घेतलं असतंत, मी ओरडावं म्हणून. आणि धुता धुता म्हणाला असतात, एक माशी नर निघाली म्हणून काय झालं, दुसरी धरून दाखवते. पण त्यांनी पाणी कोमट केलं होतं. आईला विचारायचं राहिलेलं सगळं ते तांब्यातून ओतत असावेत, इतकं सावकाश.

मी पाय परातीत ठेवले, आणि मागे घेतले नाहीत.